घराजवळचा एक सोपा कडा

ज्या जिल्ह्याच्या हद्दीत पन्नास-साठ किल्ले मोजले जातात, ज्याच्या दक्षिण सीमेवर महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर म्हणून कळसूबाई १६४६ मीटरांवर आणि उत्तरेकडे सर्वांत उंच किल्ला म्हणून साल्हेर १५६७ मीटरांवर उभा आहे, आणि ज्याची बहुतेक भूमी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून गोठलेल्या लाव्हारसाच्या थरांनी घडली आहे, त्या नाशिक जिल्ह्याच्या ऐन मुख्य ठिकाणी, द्वारकेसारख्या मोक्याच्या चौकाजवळ राहणाऱ्या एका मध्यमवयीन, मध्यमवर्गीय आणि मध्यप्रदेशी किंचित विस्तारलेल्या इसमास चढण्याजोगा एक सोपा कडा घराजवळ मिळू नये, ही गोष्ट मला आरंभी असंभाव्य, पुढे अन्यायाची आणि अखेरीस अगदी नैसर्गिक वाटू लागली. या तीन अवस्थांच्या दरम्यान जे घडले त्याची हकीकत लिहून ठेवण्याची धमकी आमच्या घरातील इतर मंडळी वारंवार देत असल्यामुळे, ती मीच लिहिलेली बरी.

या अभिलाषेचे खापर मी पॅरिसच्या माथी फोडतो. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये वेद्रिक लिओनार्दो नावाचा इंडोनेशियाचा तरुण, १५ मीटर उंचीची आणि चढणाऱ्याच्याच अंगावर पाच अंशांनी झुकलेली भिंत ४.७५ सेकंदांत, म्हणजे आपल्या पाढ्यांच्या हिशेबाने बरोबर पावणेपाच सेकंदांत चढला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. मी आरामखुर्चीत बसून हा सामना पाहत होतो, आणि माझ्या कपातली साखर ढवळून होण्यापूर्वी तो संपला होता. आता पावणेपाच सेकंदांत आमच्याकडे काय घडते? द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांस भेटतात, आणि भेटल्यावर दोघेही तिथेच बोलत उभे राहतात. डोक्यावर २०१३ पासून उड्डाणपूल आहे, पायाखाली पादचाऱ्यांच्या सोयीसाठी काढलेला भुयारी मार्ग आहे, आणि या स्वर्गपाताळांच्या मधल्या मृत्युलोकात आम्ही पादचारी एक पाय फुटपाथावरून खाली ठेवून, अंगावर येणारी रिक्षा पाहून, तो पुन्हा वर घेतो. या क्रियेस सुमारे पावणेपाच सेकंद लागतात, आणि चढाई या दृष्टीने तिची उंची अर्धा फूट भरते. एवढ्या सरावावर आयुष्य काढणे मला अकस्मात अपुरे वाटू लागले.

माझ्या अटी माफक होत्या. कडा घराजवळ असावा, म्हणजे दुपारच्या जेवणास परत येता यावे. तो सोपा असावा, तोही दुपारच्या जेवणास परत येता यावे म्हणूनच. आणि तिसरी अट, जी मी कोणाजवळही तोंडाने उच्चारली नाही, ती अशी की खालून पाहणाऱ्यास, आणि त्यातूनही छायाचित्रात पाहणाऱ्यास, तो कडा अत्यंत भयंकर दिसावा.

माझा पुण्याचा भाचा या विषयातील अधिकारी पुरुष आहे. तो संगणकाच्या धंद्यात असल्यामुळे आठवड्याचे पाच दिवस बसतो आणि उरलेले दोन दिवस लोंबकळतो. त्याने मजला समजावून दिले ते असे, की खडकाच्या भेगांत मेखा ठोकीत सुळके सर करण्याचा जो आपल्याकडचा पूर्वापार प्रकार आहे, तो निराळा. स्पोर्ट क्लायंबिंगमध्ये कोणा परोपकारी माणसाने आधीच कातळाला यंत्राने भोके पाडून दर दोन-तीन मीटरांवर पोलादी बोल्ट पक्के बसवून ठेवलेले असतात. चढणाऱ्याने वर जावे, बोल्टात क्विकड्रॉ अडकवावा, क्विकड्रॉमध्ये आपला दोर अडकवावा, आणि खाली उभ्या असलेल्या बिलेअर नामक साथीदाराने त्या दोराचे दुसरे टोक प्राणपणाने सांभाळावे. १९८५ साली इटलीत बार्दोनेक्किया या गावी याच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला, ही माहितीही त्याने दिली. परंतु माझे लक्ष इतिहासाकडे नव्हते.

“म्हणजे पडलो तरी भीती नाही?”

“अजिबात नाही, मामा. शेवटच्या बोल्टच्या वर जेवढे असाल, त्याच्या फक्त दुप्पट पडाल.”

“फक्त दुप्पट?”

“अधिक दोर ताणतो तेवढं. अधिक बिलेअरचं लक्ष नसेल तर तेवढं.”

हे ‘अधिक’ मला शाळेतल्या बीजगणितातही कधी रुचले नव्हते. बिलेअर म्हणजे आमच्या पिढीच्या व्यवहारातला जामीन. मी पतपेढ्यांच्या कर्जासाठी अनेकांना जामीन राहिलेलो असून, कर्जदार पडला की जामीनदारही ओढला जातो हा त्यातला मुख्य अनुभव आहे. भाच्याने हा अनुभव शास्त्रास धरून असल्याचा निर्वाळा दिला. चढणारा वजनदार आणि बिलेअर हलका असेल, तर एक खाली येताना दुसरा जमिनीवरून वर उचलला जातो म्हणे. आमच्या सौभाग्यवतींच्या आणि माझ्या वजनांतील तफावत मनाशी ताडून पाहिल्यावर, त्या जागेसाठी त्यांच्या नावाची केलेली शिफारस मी तत्काळ मागे घेतली. त्यांना ती केली होती हेच ठाऊक नव्हते, त्यामुळे तक्रार उद्भवली नाही.

यानंतर प्रश्न आला तो काठिण्याच्या मोजमापाचा, आणि दुर्दैवाने त्या वेळी आमचे शेजारी वर्तमानपत्र परत करण्यास आले होते. हे गृहस्थ जमाबंदी शाखेतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असून, कागदावरील आकडा जुळत नसला की त्यांच्या उजव्या कानाची पाळी आपोआप हलू लागते. भाचा सांगत होता की अमेरिकन पद्धतीत पहिला वर्ग म्हणजे साधे चालणे, दुसऱ्या-तिसऱ्यात हात टेकावे लागतात, चौथ्यात दोर जवळ असलेला बरा, आणि खरी दोराची चढाई ती पाचवा वर्ग. या पाचव्या वर्गाचे १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील टाक्विट्झ येथील मंडळींनी ५.० पासून ५.९ पर्यंत दहा भाग पाडले, आणि ५.९ हून कठीण काही या पृथ्वीतलावर असूच शकत नाही, असे गृहीत धरून दप्तर बंद केले.

“मग?” शेजाऱ्यांनी विचारले.

“मग कोणीतरी त्याहून कठीण चढलं. त्याला ५.१० म्हणतात.”

पाळी हलली. “५.१० म्हणजे ५.१ च. शेवटच्या शून्याला किंमत नाही.”

“नाही काका, पाच पॉइंट दहा. ५.९ च्या वरचा.”

“मग आधीच्याला ५.०९ का लिहिलं नाही?”

भाचा गप्प बसला. फ्रेंच पद्धतीत आकड्यापुढे ए, बी, सी ही अक्षरे आणि प्रसंगी अधिकचे चिन्हही जोडतात आणि आणखी एका पद्धतीत रोमन अंक वापरतात, हे ऐकल्यावर तर शेजाऱ्यांनी चष्मा काढला आणि, आमच्या वेळी असा तक्ता आला असता तर संबंधितांकडून लेखी खुलासा मागवला असता, असे सांगून वर्तमानपत्र पुन्हा बरोबर घेऊन ते निघून गेले. चेक देशाच्या ॲडम ओंड्राने २०१७ साली नॉर्वेच्या एका गुहेत ९सी श्रेणीचा मार्ग चढून काढला, याहून वरची श्रेणी आजवर कोणी मागितलेली नाही, असे भाच्याने पुढे सांगितले. मी विचारले, “आणि माझ्यासाठी?” त्याने माझ्याकडे मस्तकापासून प्रारंभ करून पाहिले, मध्यप्रदेशापाशी त्याची दृष्टी थबकली, आणि तो म्हणाला, “चारच्या आसपास काहीतरी बघू, मामा.” चार हा आकडा त्याने ज्या आवाजात उच्चारला, त्या आवाजात डॉक्टर पथ्य सांगतात.

येथे मला या शास्त्रातील सर्वांत विलक्षण सिद्धान्त कळला. तो असा, की सोपा मार्ग हा कठीण मार्गापेक्षा अधिक धोक्याचा असतो. कठीण मार्ग अंगावर आलेला असल्यामुळे पडणारा मनुष्य हवेत पडतो आणि दोरावर झुलत राहतो. सोपा मार्ग उतरता, पायऱ्यापायऱ्यांचा असल्यामुळे पडणारा मनुष्य वाटेतल्या प्रत्येक पायरीची स्वतंत्रपणे भेट घेत खाली येतो. त्यात आपला सह्याद्री म्हणजे एक थर घट्ट आणि एक थर भुसभुशीत; उभा कातळ संपला की गवताचा पट्टा, गवताखाली घसारा, आणि घसाऱ्यावर सुटे धोंडे. “म्हणून तुम्हाला खरं तर कठीण रूटच सेफ,” भाचा म्हणाला, “फक्त तुम्हाला तो चढता येणार नाही.” सुरक्षित ते अशक्य आणि शक्य ते असुरक्षित, ही परिस्थिती मला नोकरीच्या काळापासून परिचित होती, तरीसुद्धा मी शोध जारी ठेवण्याचे ठरविले.

पहिली पाहणी मी एकट्यानेच, गुप्तपणे केली, आणि ती पांडवलेण्यांची. द्वारकेहून सात-आठ किलोमीटरांवर, महामार्गाला लागून, बसची सोय असलेला असा कातळ त्रिभुवनात दुसरा नसेल. चोवीस लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीपासूनचे काम, आणि वर जायला सरकारी पायऱ्या! मी एका ओसरीच्या बाजूचा दगड निरखून पाहू लागलो, तोच मागून आवाज आला.

“काका, काय पाहताय?”

“पकड.”

रखवालदाराने ते वेगळ्या अर्थाने घेतले असावे, कारण तो मला पकडण्याच्याच तयारीने जवळ आला. संरक्षित स्मारक असल्यामुळे या दगडावर चढणे तर सोडाच, रेलणेही संशयास्पद आहे, हे त्याने सविस्तर ऐकविले, आणि त्याचे म्हणणे रास्त असल्यामुळे मी भक्तिभावाने दहाव्या लेण्याकडे वळलो. तिथे नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानाचा जो लेख कोरविला आहे, त्यात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे ठेव ठेवल्याचे नमूद असून, दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण, हा व्याजाचा दरही बिनचूक दिलेला आहे. माझ्या मनात आले, की हातात छिन्नी घेऊन ज्यांनी हा उभा डोंगर छतापासून खाली कोरीत आणला, ते खरे या जिल्ह्याचे पहिले प्रस्तरारोहक. त्यांची श्रेणी चार होती की नऊ, याची नोंद कुणाला सुचली नाही, पण देणगीदाराचे नाव मात्र व्याजासकट दगडावर गेले. आमच्या वसाहतीच्या देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवर जी नावे आहेत, ती मंडळी उषवदाताच्याच परंपरेतली, हे त्या दिवशी ध्यानात आले.

रामशेजही जवळच आहे, दिंडोरीच्या वाटेवर. बुटका, गोल, बिनकटकटीचा किल्ला. किल्ल्यांवरच्या पुस्तकांत त्याची श्रेणी ‘सोपी’ अशी दिलेली असते. परंतु १६८२ साली औरंगजेबाच्या सरदारांनाही तो असाच सोपा वाटला होता, आणि त्यापुढे वर्षानुवर्षे ते पायथ्याशीच मुक्काम करून राहिले. लाकडी दमदमा उभारून झाला, तोफा झाल्या, आणि शेवटी, असे सांगतात, सोन्याचा नाग हातात धरून सैन्याच्या पुढे चालणारा एक मांत्रिकही करून झाला. वरून गोफणीचा एक धोंडा आला आणि मांत्रिक व नाग निरनिराळ्या दिशांनी गेले. शाही खजिना हाताशी असताना ज्यांना दुपारच्या जेवणास परत जाता आले नाही, त्यांच्या अनुभवावरून मी योग्य तो बोध घेतला.

अंजनेरी वीसेक किलोमीटरांवर. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती असून, कोणतेही शिक्षण न घेता, दोराविना, अगदी बाल्यावस्थेत थेट सूर्याकडे झेप घेणारा तो एकमेव नवशिका असावा. त्याच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, जगात इतरत्र सहसा न आढळणाऱ्या वनस्पती आहेत, आणि वनखात्याने तो प्रदेश राखून ठेवला आहे. जिथे गिधाडे राहतात, तिथे नवशिक्याने हातपाय मारीत लोंबकळणे हे त्यांच्या अपेक्षा उगाच वाढविण्यासारखे आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले.

उरला हरिहर. भाचा खास पुण्याहून आला आणि आम्ही एका रविवारी निघालो. १८१८ साली त्र्यंबक पडल्यावर या मुलखातील किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या स्वाधीन झाले, आणि अनेक गडांच्या वाटा सुरुंगाने उडविण्यात आल्या. हरिहरच्या पायऱ्या मात्र शाबूत राहिल्या. उभ्या कातळात ऐंशी अंशांच्या चढाने कोरलेला तो जिना आणि प्रत्येक पायरीत हाताची बोटे घालण्यासाठी खोदलेल्या त्या खोबण्या पाहताच माझे अंतःकरण भरून आले, कारण तिसऱ्या अटीची, म्हणजे भयंकर दिसण्याची, येथे संपूर्ण पूर्तता होत होती. परंतु द्वारकेपासून पळून आलेल्या मनुष्यास तिथे जे दिसले, ते द्वारकाच होते, फक्त उभे केलेले! वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यावर समोरासमोर आलेले; मधोमध एक तरुण पाठ दरीकडे करून स्वतःचे चित्रीकरण करीत होता; त्याच्याखाली एक बाई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या; आणि माझ्या डोक्यावर ज्याचे बूट होते, तो गृहस्थ दर अर्ध्या मिनिटाने “पुढे सरका, पुढे सरका” असे ओरडत होता, जणू वरच्या माणसाने गिअर टाकण्याचाच अवकाश होता. खोबणीत बोटे घालून मी तिथे इतका वेळ उभा राहिलो, की माझी बोटे आणि किल्ला यांच्यात घरोबा निर्माण झाला.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा छाती अभिमानाने की दमाने वर-खाली होत होती, हे सांगता येत नाही. तिथे एक आजी लिंबूसरबत विकीत बसल्या होत्या. पाण्याचे कॅन, लिंबांची पिशवी, साखरेचा डबा, एक नातू, असा सगळा संसार त्यांनी त्याच पायऱ्यांनी वर आणलेला होता.

“आजी, रोज चढता?”

“रोज न्हाय बा. सोमवारी कोन येतंय पियाला?”

मी दोन पेले प्यालो आणि पैसे देताना त्यांच्या पायांकडे पाहण्याचे टाळले. भाच्याने पलीकडचा सरळ तुटलेला कडा दाखविला. १९७५ साली एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून शिखर गाठणारा डग स्कॉट १९८० च्या दशकात तो कडा चढून गेला असे म्हणतात, आणि त्यावरून त्यास स्कॉटिश कडा हे नाव पडले. मनुष्य वस्तुतः इंग्लंडातील नॉटिंगहॅमचा, परंतु आपल्याकडे आडनावावरून गाव ठरविण्याची पद्धत जुनी आहे. मी त्या कड्याकडे पाहून सहकाऱ्याच्या नात्याने मान हलवली. तेव्हा भाचा म्हणाला, “पण मामा, आपण केलं ते क्लायंबिंग नव्हे हं. तो जिना आहे.”

यानंतर त्याने जवळपासच्या ज्या जागा सुचविल्या, त्यांवरून प्रस्तरारोहकांचे मैल आणि आमचे मैल निरनिराळे असावेत, अशी माझी खात्री झाली. बेलापूरच्या टेकडीवरचे धोंडे “जवळच” होते. १९५४ साली स्थापन झालेल्या गिरिविहार या मुंबईच्या संस्थेने तिथे कित्येक वर्षे स्पर्धा भरविल्या, आणि २०१६ व २०१७ साली तर या धोंडे चढण्याच्या खेळाचा विश्वचषकही नवी मुंबईत झाला. कर्नाटकातील बदामी हीसुद्धा “तशी जवळच” होती. चालुक्यांच्या त्या राजधानीतील तांबड्या वालुकाश्मावर बोल्ट लावलेले मार्ग इतके आहेत, की देशभरातून मंडळी तिथे जातात. “रात्री बसलं की सकाळी बदामी,” तो म्हणाला. दुपारच्या जेवणाविषयी विचारल्यावर, तिथे भाकरी फार चांगली मिळते, असे उत्तर आले.

दरम्यान मी साहित्य खरेदी केले होते. मार्ग सापडला नाही तर निदान साहित्य तरी सापडलेले असावे, ही आपल्या लोकांची पद्धत आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांकडे गेली अनेक वर्षे सतार आहे. चढाईचे बूट घेताना दुकानदाराने, बोटे आत दुमडली गेली तरच माप बरोबर, असे सांगून मला जो जोड चढविला, तो घालून उभे राहिल्यावर मला कड्याचीच काय, दुकानाच्या पायरीचीही भीती वाटू लागली. हार्नेस मी घरीच नेसून पाहिला. त्याच्या पट्ट्या मांड्यांतून आणि कमरेवरून अशा काही आवळल्या जातात, की शरीराचा जो भाग आपण वर्षानुवर्षे सैल सदऱ्याखाली मोठ्या मुत्सद्दीपणाने सांभाळलेला असतो, तो चहूकडून अधोरेखित होतो.

“अहो,” आतून आवाज आला, “सिलिंडरवाला आलाय. ते आधी काढा, मग दार उघडा.”

आठाच्या गाठीचा सराव मी कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर केला. गाठ उत्तम बसली; ती कशी सोडवायची हा पाठ पुढच्या आठवड्यात होता, त्यामुळे दोरी कापावी लागली. हाताला घाम येऊ नये म्हणून लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड दारांच्या कड्या, टीव्हीचा रिमोट आणि देव्हारा यांवर सर्वत्र उमटू लागली, आणि मोदकांच्या पिठीला हात कुणी लावला, याची चौकशी घरात सुरू झाली.

अशा वेळी एके दिवशी पहाटे फिरून येताना माझी दृष्टी उड्डाणपुलाच्या खांबांकडे गेली. इतकी वर्षे त्यांच्या सावलीत राहून, घरापासून हाकेच्या अंतरावर सरळ, उभे, पक्के आणि भुसभुशीत थर नसलेले कडे रांगेने उभे आहेत, हे माझ्या लक्षात कसे आले नव्हते? चढण्याचा विचार अर्थातच नव्हता. केवळ पृष्ठभागाची पकड अजमावावी म्हणून मी दोन्ही तळहात काँक्रीटवर पसरून टेकले. खिशातली पूड हाताला लागलेली होतीच.

“ओ काका! पोस्टर लावायला मनाई आहे तिथं,” वाहतुकीच्या हवालदाराने हटकले.

“मी पोस्टर लावीत नाही.”

“मग हाताला खळ कसली?”

“ही खळ नव्हे. मॅग्नेशियम कार्बोनेट.”

“कोणत्या पक्षाचं?”

अखेर भाच्यानेच तजवीज केली. शहराबाहेरच्या एका टेकडीवर तीस-पस्तीस फुटांचा एक कातळ असून तिथे नवशिक्यांना शिकविणारी मंडळी रविवारी जमतात, वरून दोर लावलेला असतो, त्यामुळे ‘दुप्पट अधिक’ हा हिशेब लागू होत नाही, आणि दुपारी दीडच्या आत घरी, असा सर्व मजकूर त्याने लेखी पाठविला. प्रथम एका हमीपत्रावर सही करावयाची होती. ‘चढाई करताना इजा, अपंगत्व अथवा मृत्यू ओढवल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील,’ अशा आशयाचे ते हमीपत्र मी आदल्या दिवशी शेजाऱ्यांना दाखविले असता, मृत्यू ओढवल्यावर जबाबदारी घेण्यास आपण जातीने हजर कसे राहणार, अशी शंका त्यांनी समासात पेन्सिलीने नोंदवून ठेवली होती.

तो कातळ पाहून माझी घोर निराशा झाली. तो खरोखरच सोपा होता! माझ्या देखत एक आठेक वर्षांची मुलगी स्लिपर घालून, एका हातात बिस्किटाचा पुडा धरून त्यावर चढली आणि वर जाऊन बिस्किटे खाऊ लागली. “हा फारच सोपा आहे,” मी भाच्यास म्हणालो. “आपल्याला सोपाच हवा होता ना?” तो म्हणाला. यावर माझ्याजवळ उत्तर होते, पण ते तिसऱ्या अटीत होते.

शिकवणाऱ्यांनी एकच सूचना बजावून सांगितली. शेजारच्या कड्यावर आग्या मोहोळ होते. सबब कुणी अत्तर लावलेले नसावे, धूर करू नये, आणि काहीही झाले तरी ओरडू नये. त्यामुळे मी दहा फुटांवर पोहोचल्यानंतर जो प्रसंग गुदरला, तो आरंभापासून अखेरपर्यंत कुजबुजत पार पडला. डावा पाय एका बोटभर कंगोऱ्यावर होता आणि शिवणयंत्रासारखा वर-खाली चालू झाला होता. उजवा पाय कुठे होता, ते मला माहीत नव्हते. आणि गाल मी कातळाला टेकवून ठेवला होता, कारण तेवढ्या अवयवावर माझा विश्वास उरला होता.

“मामा, पायावर विश्वास ठेवा,” खालून कुजबुज आली.

“कोणत्या?” मी कुजबुजलो.

“डावीकडे वर जग आहे, मामा. मोठं जग आहे!”

आसन्नमरण माणसास ही बातमी कोण कशासाठी देईल, ते मला कळेना. जग म्हणजे हाताची चारही बोटे आत जातील अशी ऐसपैस खाच, हे नंतर समजले. त्या क्षणी, “असू दे, मला आता त्याचा मोह नाही,” असे मी निर्मळ मनाने उत्तरलो. तेवढ्यात वरून बिस्किटाचा चुरा माझ्या मानेवर पडला. मुलगी वाकून पाहत होती. “आजोबा,” तिने अत्यंत हळू आवाजात विचारले, “तुम्ही राहताय का इथेच?” या ‘आजोबा’ने मजला जे बळ दिले, ते तोपर्यंतच्या कुठल्याही उपदेशाने दिले नव्हते. मी त्या जगात हात घातला, पाय कुठेतरी गेले, दोर वरून आवळला गेला, आणि पुढचे काही फूट मी चढलो की चढविला गेलो, याचा खुलासा आजतागायत कोणी मागितलेला नाही.

खाली आल्यावर छायाचित्र पाहिले आणि आनंदाने माझा कंठ दाटून आला. पंचेचाळीस अंशांचा तो बापुडा कातळ चित्रात सरळ तुटलेला, किंबहुना किंचित अंगावर आलेला दिसत होता, आणि त्यावर मी. “थोडा फोन तिरका धरला, मामा,” भाचा म्हणाला. “सगळेच धरतात.” दीडच्या आत ते चित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर, तिथून वसाहतीच्या गटावर गेले, आणि जेवणावर बसतो न बसतो तोच शेजारी चष्मा पुशीत दारात उभे राहिले. त्यांनी चित्र दोन बोटांनी मोठे केले, लांब धरले, जवळ घेतले. कानाची पाळी हलत होती.

“ही कमरेची पिशवी खाली लोंबायच्या ऐवजी अशी बाजूला का लोंबते?”

“वारा होता.”

“दोराचं सुटं टोकही त्याच बाजूला?”

“जोराचा होता.”

“हं.” त्यांनी चित्र वरच्या कोपऱ्याकडे सरकवले आणि बोट ठेवले. “आणि ही शेळी?”

शेळी मी पाहिलीच नव्हती. माझ्या डोक्याच्या दहा फूट वर, त्या भीषण तुटलेल्या कड्याच्या ऐन मध्यावर, ती निवांतपणे गवत खात उभी होती.

“तिचं काय?” मी विचारले.

“काही नाही,” शेजारी म्हणाले. “तुमचा दोर दिसतो. तिचा कुठं दिसत नाही.”